ठाणे-नवी मुंबईत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ : जागा, भिंती, वीज, माईक आणि तासाचा दर

घोडबंदर_रोड

साउंड इंजिनिअर म्हणून दुसऱ्यांच्या स्टुडिओत आणि लाइव्ह कार्यक्रमांत काम करणाऱ्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ काढायचा तर सुरुवात कुठून करावी, यासाठी हा धागा. काम मुख्यतः आवाजाचं : अभंग, भावगीत, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, ऑडिओबुक, थोडं डबिंग. एका वेळी फार तर गायक, तबला आणि पेटी. ड्रम किट नाही.

समोर दोन जागा आहेत. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला टू बीएचकेतली १० × १२ फुटांची बेडरूम, स्लॅबची उंची साडेनऊ फूट. किंवा तुर्भे एमआयडीसीत २५० चौरस फुटांचा गाळा, वरच्या मजल्यावर. कोणती घ्यावी? माईक-इंटरफेसवर (इंटरफेस म्हणजे माईक संगणकाला जोडणारं उपकरण) आधी खर्च करावा की खोलीवर? ज्यांनी हे काम उभं केलंय त्यांनी मोजमापांसकट लिहावं, ही विनंती.

शून्य_डेसिबल

खोलीवर. यात दुमत व्हायला नको. साधा माईक शांत खोलीत चालतो, महागडा माईक गोंगाटात फक्त गोंगाट जास्त स्वच्छ टिपतो.

जागा बघताना आधी एक हिशेब करा. ऑडिओबुकसाठी एसीएक्सची (ऑडिबलवर पुस्तकं जातात त्या मंचाची) अट अशी आहे : आवाजाची आरएमएस म्हणजे सरासरी पातळी डिजिटल मीटरवर, जिथे शून्य ही कमाल, उणे २३ ते उणे १८ डीबी, शिखर उणे ३ च्या वर नाही आणि नुसत्या शांततेची पातळी उणे ६० च्या खाली. म्हणजे निवेदन उणे २० वर बसवलं तर खोली त्याहून ४० डीबी खाली हवी. माणूस माईकपासून सहा इंचांवर नेहमीच्या आवाजात वाचतो तेव्हा माईकपाशी साधारण ७५ ते ८० डेसिबल असतात. त्यातून ४० वजा करा. खोली ३५ डेसिबलच्या आसपास शांत असायला हवी, आणि ती संगणकाचा पंखा चालू असताना.

हे फोनच्या अ‍ॅपवर मोजू नका. फोनचा माईक खालच्या फ्रिक्वेन्सीत फसवतो. तुमचा कंडेन्सर माईक आणि लॅपटॉप घेऊन जा. सहा इंचांवरून एक परिच्छेद वाचा, मग गेनला (माईकची पातळी वाढवणाऱ्या कळीला) हात न लावता पाच मिनिटं गप्प बसून रेकॉर्ड करा. हे तीन वेळा करा : सकाळी अकराला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकरानंतर. घोडबंदर रोडला रात्री कंटेनर आणि ट्रक चालतात. त्यांची घरघर ३० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात येते. कानाला ती फारशी जाणवत नाही, मीटरवर मात्र ठळक दिसते.

गाळा_क्रमांक_सात

घरापेक्षा गाळा बरा, असं माझं मत. पण तुम्ही लिहिलंत तो वरच्या मजल्याचा नको.

वर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर काम बंद समजा. सिमेंटच्या पत्र्यावरची सर माईकमध्ये धबधब्यासारखी येते आणि आतून कितीही जिप्सम लावलं तरी ती पूर्ण थांबत नाही. मधला मजला बघा, डोक्यावर आरसीसी स्लॅब असलेला. मग वरच्या आणि बाजूच्या गाळ्यात काय चालतं ते विचारा. पॉवर प्रेस, कॉम्प्रेसर, छपाईचं यंत्र असेल तर कंपन स्लॅबमधून, खांबांमधून येतं. पॅकिंगचं किंवा कपडे शिवायचं युनिट शेजारी असेल तर चालेल. वेल्डिंगचं दुकान त्याच मीटर रूमवर असेल तर नको, ठिणगी पडली की लाइनवर टकटक येते.

घरातली अडचण वेगळी आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. औद्योगिक भागात हेच आकडे ७५ आणि ७०. सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय घरात व्यावसायिक काम सुरू केलंत, भिंतीवर हजारो रुपये घातले आणि सहाव्या महिन्यात तक्रार झाली, तर उखडून नेता येण्यासारखं फार थोडं हाती राहतं.

शून्य_डेसिबल

गाळ्याबद्दल सहमत, पण ग्राहकाचाही विचार हवा. संध्याकाळी पेटी-तबला घेऊन येणाऱ्या मंडळाला एमआयडीसीत रिक्षा मिळणं, महिला गायिकांना रात्री परत जाणं, हे प्रश्न खरे आहेत. ऑडिओबुक आणि डबिंग एवढंच करायचं असेल तर घरची खोली पुरते. तबला-ढोलकी नियमित वाजणार असेल तर गाळा, तोही स्टेशनपासून चालत जाता येईल असा.

काळी_एक

तोवर घरच्याच खोलीत अंड्यांचे ट्रे किंवा पिरॅमिड फोम भिंतभर चिकटवला तर किती फरक पडतो? सुतार म्हणतो, पूर्ण साउंडप्रूफ होईल.

शून्य_डेसिबल

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. सुतार, पीओपीवाला आणि पुष्कळदा इंटिरिअर डिझायनरही इथेच गल्लत करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अडवायला वजन लागतं, आणि फट चालत नाही. ट्रेला वजन नाही, फोमलाही नाही. बाहेरचा हॉर्न दोन्हींतून जसाच्या तसा आत येतो. एक इंची फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो, खालच्या तशाच फिरत राहतात. मग खोली कानाला मेलेली वाटते आणि गायकाचा खर्ज मात्र घुमतो. हा दोष मिक्सिंगमध्ये निघत नाही. शिवाय साधा पीयू फोम भराभर पेटतो. बंद खोलीत तो नकोच.

अडवण्यासाठी खोलीत खोली. कासारवडवलीच्या खोलीचा हिशेब देतो.

जुन्या भिंतीपासून एक इंच सोडून जीआय चॅनेलची चौकट उभी करायची. तिचा जुन्या भिंतीला कुठेही स्पर्श नको. एक स्क्रू जरी आरपार गेला तरी कंपनाला पूल मिळतो. खालच्या पट्टीखाली रबर. चौकटीत ५० मिमी जाडीचा, घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). आतल्या बाजूने साडेबारा मिमीचे दोन जिप्सम बोर्ड, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यावर येऊ न देता. कडेने सगळीकडे न सुकणारा अकूस्टिक सीलंट. पीओपी किंवा व्हाइट सिमेंट भरू देऊ नका, ते वाळून तडकतं आणि केसाएवढी फट पडते. रॉकवूल कापताना मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सगळ्यांना घालायला लावा.

वजन बघा. चार भिंती आणि छत मिळून साधारण ५० चौरस मीटर, दोन थरांचं वजन चौरस मीटरला २० किलोच्या आत. म्हणजे एक टन. ११ चौरस मीटरच्या खोलीत वाटलं तर चौरस मीटरला ९० किलो. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या वापर-भारासाठी धरलेला असतो, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच काम काढा. याच जागी कुणी चार इंची विटांची भिंत सुचवली तर भार आठ टनांच्या आसपास जातो. ते अजिबात करू नका.

आता दार. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तीन फुटी दाराखाली ५ मिमीची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या पाव टक्का. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या फटीने एकूण रोध २६ डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही, मग दार ४० डेसिबलचं का असेना. भरीव फ्लश दार घ्या, चारी बाजूंना रबर गॅस्केट आणि खाली आपोआप उतरणारी सीलपट्टी. तपासायला सोपा मार्ग : खोलीत अंधार करून बाहेर बॅटरी धरा. उजेड येतो तिथून आवाज येतोच.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या कधीच घट्ट बसत नाहीत. खिडकी ठेवायची तर आतून दुसरी, १०-१२ मिमी लॅमिनेटेड काचेची, मध्ये किमान चार इंच पोकळी. विजेचे बोर्ड नव्या भिंतीत कोरून बसवू नका, वरून पट्टी फिरवा. एसीच्या पाइपचं भोक सीलंटने भरून घ्या.

कान_तयार

यात भर. या बांधकामानंतर खोली सुमारे ११ फूट २ इंच × ९ फूट २ इंच उरते. उंची, फ्लोटिंग फ्लोअर (रबरावर टेकवलेली वेगळी जमीन) धरून, ८ फूट ११ इंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून पहिले मोड (ज्या फ्रिक्वेन्सींना खोली स्वतः घुमते त्या) काढले तर लांबीचा ५०, रुंदीचा ६१ आणि उंचीचा ६३ हर्ट्झ. शेवटचे दोन एकमेकांवर चढतात, म्हणून ६२ च्या आसपास खोली फुगेल. बायाचा (डाव्या तबल्याचा) घिस्सा आणि पखवाजाचा धुमा याच्या जवळपासच असतात.

त्यामुळे शोषणाचा जाड माल छताला आणि कोपऱ्यांना हवा. चार इंची रॉकवूलचे पॅनेल, मागे चार इंच जागा सोडून. याची पकड मधल्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सींवर चांगली असते, खाली कमी होत जाते. म्हणून कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड त्रिकोणी भराव. स्लॅब १००० × ६०० मिमीचे मिळतात. एवढ्या खोलीत घुमण्याचा काळ ०.३ सेकंदावर आणायला, माणसं आणि फर्निचर धरून, २० ते २४ स्लॅब लागतील. वर कापड असं ताणा की तोंडाने फुंकलं तर हवा आरपार जाईल. रेक्झिन किंवा वॉलपेपर लावला तर वरची फ्रिक्वेन्सी परत खोलीत येते.

ऐकायची जागा पुढच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे सव्वाचार फुटांवर घेऊन सुरुवात करा, मग कानाने आणि मोजमापाने पुढेमागे सरका. मोजायला रूम ईक्यू विझार्ड मोफत आहे, फक्त मोजणीचा कॅलिब्रेटेड माईक घ्या.

फेज_न्यूट्रल

विजेबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो.

जागा ताब्यात घेण्याआधी वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. जुन्या इमारतींत आणि गाळ्यांत हे सर्रास सापडतं. गाळ्यात स्वतःचा अर्थ पिट खणून घेता येतो, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीच्या अर्थिंगवरच राहावं लागतं.

संगणक, इंटरफेस, स्पीकर, हेडफोन अ‍ॅम्प या सगळ्यांना एकाच सर्किटवरून, एकाच जागेवरून वीज द्या. एसी आणि दिवे वेगळ्या सर्किटवर. डिमरचे दिवे बसवूच नका.

घूं असा ५० हर्ट्झचा स्वर (हम) आला तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेलेली. जर्र अशी १०० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली भर असेल तर बहुधा चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर किंवा यूपीएस. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, तिथेच निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्यांसाठी बॅलन्स्ड केबल आणि डीआय बॉक्सवरची (वाद्य माईकच्या इनपुटला जोडणाऱ्या डबीवरची) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलचा अर्थ तोडणारी कळ. तीनपिनी प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. हम जातो हे खरं, पण गायकाचे ओठ माईकच्या जाळीला लागतात आणि हातात हेडफोनची वायर असते. बिघाड झाला तर करंट त्याच्यातून जाईल.

यूपीएस घेताना प्युअर साइन वेव्ह, ऑनलाइन प्रकारचा (सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधून वीज देणारा). त्याला पंखा असतो, तेव्हा तो खोलीबाहेर.

घोडबंदर_रोड

खूप नेमकी माहिती, सगळ्यांचे आभार. एसी आणि दमटपणा यांवर कुणी लिहाल का? खोली इतकी बंद केली की मे महिन्यात आत माणूस बसणार कसा?

मृग_नक्षत्र

बंद खोलीत थंडीइतकीच ताजी हवाही लागते. तीन माणसं दोन तास बसली की डोकं जड होतं, सूर उतरतो आणि इंजिनिअरचे कानही थकतात. पंख्याने बाहेरची हवा आत आणायची, पण सरळ भोकातून नाही. आतून रॉकवूल लावलेल्या, दोन-तीन वळणांच्या लाकडी पेटीतून. हवा आणायची एक पेटी, काढायची एक. पेटीचं तोंड मोठं ठेवा म्हणजे हवेचा वेग कमी राहतो. सूं आवाज येतो तो वेगामुळे. स्प्लिट एसीचं आतलं युनिट इन्व्हर्टर प्रकारचं आणि माईकच्या जागेपासून दूर. टेक घेताना त्याचा पंखा सगळ्यात कमी वेगावर. आधी वीस मिनिटं खोली थंड करून ठेवली की एक गाणं आरामात होतं.

आता पावसाळा. ठाण्यात जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. कंडेन्सर माईकचा पडदा आणि मागची पट्टी यांच्यात केसाएवढं अंतर आणि विद्युतभार असतो. तिथे ओल धरली की भार गळतो आणि फट्... फट्... किंवा तळल्यासारखा चरचर आवाज येतो. माईक बिघडला असं समजून लोक तो उघडतात आणि बोटाने पडदा कायमचा खराब करतात. उघडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा, बहुतेक वेळा आवाज थांबतो. नेहमीसाठी डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राखा. तबल्याची पुडीही याच हवेत उतरते, म्हणून खोलीत डीह्युमिडिफायर हवा. टेकच्या वेळी तो बंद.

आणि बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा, मग रॉकवूल. नाहीतर बोर्डामागे बुरशी धरते आणि वास कायमचा राहतो.

ढोलकीची_शाई

माईकिंगवर लिहितो, कारण आपल्या वाद्यांची माहिती इंग्रजी व्हिडिओंत फारशी सापडत नाही.

ढोलकी आडवी असते, म्हणून दोन माईक समोरासमोर येतात. धुम्यावर (खर्जाच्या बाजूवर) थाप पडली की त्या बाजूची कातडी आत जाते आणि हवेच्या दाबाने शाईची (उंच स्वराच्या बाजूची) कातडी बाहेर येते. एका माईकला दाब कमी झालेला दिसतो, दुसऱ्याला वाढलेला. दोन्ही एकत्र केले की धुमा पोकळ होतो, आणि इंजिनिअर ईक्यूने खालचा भाग वाढवत बसतो. आधी एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीचं अधिक-उणे) उलटी करून ऐका. जिथे धुमा भरतो ते ठेवा. माईक कातडीपासून सहा ते आठ इंच, शाईवर सरळ न रोखता किनारीकडे तिरका. एसएम ५७ सारखा डायनॅमिक शाईच्या बाजूला छान चालतो, कडकडणारी थाप त्याला झेपते.

तबला : डाया आणि बाया वेगवेगळे घ्यायचे तर दोन माईकमधलं अंतर, माईक ते वाद्य या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावं असा नियम आहे. तबल्यात ते जमत नाही, दोन्ही अगदी शेजारी असतात. म्हणून माईक एकमेकांपासून बाहेरच्या दिशेला वळवा, किंवा दोन फुटांवरून एकच स्टीरिओ जोडी लावा. शास्त्रीय साथीला मला जोडीच योग्य वाटते. हाताच्या हालचालीत एकसंधपणा असतो आणि तो तसाच यावा.

पेटी : भाता पलीकडच्या बाजूला, म्हणून माईक पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर आणि भात्यापासून दूर वळवलेला. भात्याच्या बिजागरीला कुरकुर असेल तर सत्राआधी तेलाचा एक थेंब. प्रोग्राम केलेल्या संगीतावर वाजवणार असाल तर ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवून एकेक स्वर तपासा. रीड उतरलेले असतात, आणि गायक काळी एकमध्ये अचूक गात असूनही बेसूर वाटतो.

कंठ : मराठीत फ, भ, ध, घ यांना श्वासाचा झोत असतो. माईक ओठांसमोर सरळ नको, नाकाच्या उंचीवर घेऊन किंचित खाली झुकवा आणि पॉप फिल्टर माईकपासून तीन-चार इंचांवर. ‘चमचा’, ‘चांदणं’ आणि ‘जहाज’ यांतले च-ज दातांवरचे असतात. डी-एसर (टोचणारा स-श दाबणारं सॉफ्टवेअर) ते स-श सारखेच पकडतो आणि शब्द बोबडा होतो. डी-एसर पूर्ण ट्रॅकवर न लावता जिथे टोचतं तेवढ्याच अक्षरांची पातळी हाताने उतरवा.

काळी_एक

हे शेवटचं फार कामाचं. इंटरफेस आणि माईक किती घ्यावेत? सगळे शुअरचा एसएम ७बी माईक घ्या म्हणतात.

कान_तयार

एसएम ७बी ला जवळपास ६० डीबी गेन लागतो. स्वस्त प्रीअ‍ॅम्प (माईकचा आवाज वाढवणारा भाग) तिथवर पोचता पोचता स्वतःच सुसाटा करतो. हळू आवाजातल्या निवेदनाला तो त्रास देईल. या कामाला एक कमी स्व-गोंगाटाचा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, छोट्या पडद्याच्या कंडेन्सरची जोडी, दोन एसएम ५७. पाच माईक. इंटरफेस आठ प्रीअ‍ॅम्पचा, स्वतंत्र हेडफोन आउटपुट किमान दोन. हेडफोन बंद पाठीचे, नाहीतर तानपुरा आणि क्लिक माईकमध्ये झिरपतात.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. संगणकात आवाज १२८ सॅम्पलच्या बफरमध्ये थांबतो, त्यात एका दिशेने २.७ मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन आणि कन्व्हर्टर धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा येतोय असं वाटलं की डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला आवाज) द्या. या दर्जात एक ट्रॅक तासाला अर्धा जीबी. आठ ट्रॅकचं चार तासांचं सत्र १६-१७ जीबी. त्याच रात्री दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रत, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

गाळा_क्रमांक_सात

पैशाचं थोडक्यात. दर शेजाऱ्याचा बघून ठरवू नका. उदाहरणार्थ भाडं, वीज, हप्ता, इंटरनेट आणि दुरुस्ती मिळून महिन्याला ४५,००० धरा. २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास, पण त्यातले ४० टक्के विकले गेले तरी पुष्कळ. ८३ तास. म्हणजे तासाला ५४० रुपये नुसता खर्च, तुमची मेहनत अजून धरलेलीच नाही. एडिटिंग आणि मिक्सिंगचे तास वेगळे लावा. गाणं दोन तासांत गाऊन होतं, त्याची सफाई पाच तास घेते.

गणपतीचे दिवस आणि नवरात्र यांत संध्याकाळची वेळ विकू नका. ढोल-ताशाचा खर्ज अशा भिंतींनाही दाद देत नाही. आरत्यांची आणि भक्तिगीतांची कामं मात्र त्याआधीच्या दोन महिन्यांत येतात, तेव्हा माईक-केबल सगळं तपासून तयार ठेवा.

कागदपत्रं : कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. महावितरणकडे वापर व्यावसायिक म्हणून नोंदवा.

घोडबंदर_रोड

शेवटचा प्रश्न. रेकॉर्डिंगचा हक्क कुणाचा? मंडळं चित्रपटगीताचा कॅराओके ट्रॅक घेऊन येतात, ‘यूट्यूबवर टाकायचंय’ म्हणतात.

शून्य_डेसिबल

ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. पैसे देऊन करून घेणारं मंडळ, स्टुडिओ नव्हे. पण हे एका पानावर लिहून सही घ्या : काम कुणासाठी, कोणत्या फाइल देणार, मल्टिट्रॅक (प्रत्येक माईकची वेगळी फाइल) किती महिने सांभाळणार, किती दुरुस्त्या दरात धरल्यात. चित्रपटगीताचे शब्द, चाल आणि कॅराओके ट्रॅक यांचे हक्क दुसऱ्यांचे आहेत, ती परवानगी मंडळाने मिळवायची, हेही त्याच पानावर. पारंपरिक अभंगाचे शब्द मोकळे असतात, त्याला अलीकडे कुणी बांधलेली चाल मोकळी नसते. हा फरक भजनी मंडळांना माईक लावण्याआधी सांगा.

फाइल देताना यूट्यूब आणि स्पॉटिफाय आवाज उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणतात, तेव्हा त्याहून फार जोरात दाबून उपयोग नाही. अभंगात पखवाज चढत जातो ते चढणं तसंच राहू द्या. शिखर उणे १ वर थांबवा.

घोडबंदर_रोड

नोंद केली. तुर्भ्याचा वरच्या मजल्याचा गाळा रद्द, मधल्या मजल्याचा शोधतो. रविवारी मल्टिमीटर आणि माईक घेऊन दोन जागा बघणार आहे. तिन्ही वेळांची रेकॉर्डिंग आणि न्यूट्रल-अर्थचे आकडे इथेच टाकतो.

फेज_न्यूट्रल

रविवारी नको. शेजारची यंत्रं बंद असतात, दोन्ही आकडे फसवे येतील. कामाच्या दिवशी जा, दुपारी तीनच्या सुमाराला.